टेलिस्कोप नको, लेन्स चालते: बडनेऱ्याच्या छतावरून तेजोमेघांचे फोटो

(या भागाचं लिखित रूप. आकडे आणि नावं सावकाश वाचता यावीत म्हणून बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

००:००: आधी मूठ आवळा

आजचा भाग सुरू करण्याआधी एक काम करा. फोन खिशात टाका, इअरफोन कानात राहू द्या. एक हात समोर पूर्ण लांब करा आणि मूठ आवळा. बसमध्ये असाल तर शेजारच्याला लागणार नाही एवढं पाहा.

डोळ्यांसमोर त्या मुठीची जी रुंदी दिसते, ती आकाशात साधारण १० अंश भरते. पौर्णिमेचा चंद्र किती असतो? फक्त अर्धा अंश. म्हणजे तुमच्या एका मुठीत वीस चंद्र ओळीनं मावतात.

आता ऐका. मृग नक्षत्रात वायूची एक मोठी लाल कमान आहे. तिला 'बार्नार्ड्स लूप' म्हणतात. ती सुमारे १० अंशांची आहे, म्हणजे तुमच्या मुठीएवढी. दर हिवाळ्यात ती बडनेऱ्यावरून, अकोल्यावरून, तुमच्या घरावरून जाते आणि आपल्याला दिसत नाही.

का दिसत नाही? लहान आहे म्हणून नाही, मंद आहे म्हणून. आजचा सगळा भाग या एकाच गोष्टीवर उभा आहे: तेजोमेघ लहान नसतात, मंद असतात. हे मला आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

०१:४०: झूमच्या नादात

मला नेहमी येणारा मेसेज असा असतो: "भाऊ, तेजोमेघाच्या फोटोसाठी किती झूमचा टेलिस्कोप लागते?" मीही असाच विचार करायचो. म्हणून सगळ्यात आधी एक लांबलचक टेलिस्कोप घेतला. त्यातून चंद्र सुंदर दिसला, शनीची कडी दिसली. तेजोमेघ मात्र जमले नाहीत. एक तर त्यांचा छोटासा तुकडाच नजरेत यायचा, आणि तोही राखाडी, पुसट.

मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ घ्या, एम ४२. तो आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर आहे, तरी आकाशात चंद्राच्या दुप्पट रुंद आहे. हंस तारकासमूहातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ सुमारे दोन अंशांचा, म्हणजे चार चंद्रांएवढा. एवढ्या मोठ्या गोष्टीला झूम करून काय करणार? लग्नात पूर्ण घराण्याचा ग्रुप फोटो काढायचा असेल, तर फोटोग्राफर पुढे जात नाही, मागे सरकतो. इथेही तेच आहे. आपल्याला मोठं करणारं यंत्र नको. रुंद पाहणारं आणि प्रकाश गोळा करणारं पाहिजे. आणि ते यंत्र आमच्या घरातच पडलेलं होतं.

०३:१०: बाबांची १३५

माझे बाबा फोटोग्राफर. बडनेऱ्यात त्यांचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो. मोबाईल आले आणि तो बंद झाला. सामान पेटीत गेलं. त्या पेटीत नायकॉनची एक जुनी १३५ मिलिमीटरची लेन्स होती, फिल्मच्या काळातली, एफ २.८ ची. नवरा-नवरीचे चेहरे टिपायला बाबा तीच वापरायचे.

मी ती बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर बुरशीचं जाळं दिसत होतं. बाबांनी चष्मा लावला, लेन्स उजेडात धरली आणि म्हणाले, "फेकू नको. मी साफ करून देतो." दोन दिवसांनी ती लखलखीत होऊन माझ्या टेबलावर आली.

पोर्ट्रेटची लेन्स आकाशाला लावायची ही कल्पना माझी नाही. एडवर्ड इमर्सन बार्नार्ड हा अमेरिकेतल्या नॅशविलचा गरीब घरातला मुलगा. नऊ वर्षांचा असताना तो एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. तेव्हा फोटो मोठे करायला सूर्यप्रकाश लागायचा, आणि त्या अवजड यंत्राचं तोंड दिवसभर सूर्याकडे फिरवत ठेवणं हे या पोराचं काम. पुढे हाच मुलगा कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत पोचला. तिथे भली मोठी दुर्बीण होती. तरी १८८९ मध्ये त्यानं आकाशगंगेचे फोटो काढायला हाताशी घेतली ती सहा इंची विलार्ड लेन्स, मुळात माणसांचे चेहरे टिपायला बनवलेली. मोठ्या दुर्बिणीत आकाशगंगेचा चिमूटभर भाग मावत होता. या लेन्समध्ये ढगांसारखे पसरलेले तारे आणि त्यांच्यातले काळे पट्टे एकत्र आले. ज्या कमानीचं नाव मी सुरुवातीला घेतलं, ती याच बार्नार्डच्या नावानं ओळखली जाते.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे तो बी आपल्याच धंद्यातला व्हय."

०५:१५: हा लाल रंग येतो कुठून

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, दोनच आकडे आहेत.

तेजोमेघ म्हणजे मुख्यतः हायड्रोजनचा विरळ वायू. त्याच्या जवळ किंवा पोटात तरुण, अतिशय तापलेले तारे असतात. त्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. तो इलेक्ट्रॉन परत एखाद्या अणूत येऊन बसतो आणि पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. त्यातल्या एका पायरीवर लाल प्रकाश बाहेर पडतो: ६५६.३ नॅनोमीटर. याला म्हणतात हायड्रोजन-अल्फा. हा झाला पहिला आकडा.

दुसरा आकडा ५००.७ नॅनोमीटर, निळसर हिरवा. त्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातून जाते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती: महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. १८९१ मध्ये नेगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली हीच हिरवी रेषा अभ्यासली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर सांगत होते की ती मॅग्नेशियममुळे दिसते. तसं असतं तर ती कडेला पसरट दिसायला हवी होती. नेगमवालांना पुण्यातून ती बारीक आणि धारदार दिसली.

मग ती कशाची? पृथ्वीवर कोणत्याच प्रयोगशाळेत ती सापडेना, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून टाकलं. उत्तर मिळालं १९२७ मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की तो आपला साधा ऑक्सिजनच आहे. फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतक्या विरळ जागेतला की तशी पोकळी आपल्याला इथे तयारच करता येत नव्हती.

आज मी माझ्या लेन्समागे जो फिल्टर लावतो, तो बाकीचा प्रकाश अडवून मुख्यतः हेच दोन रंग आत सोडतो. त्यातला एक पुण्यात नेगमवालांनी पाहिलेला.

०७:३०: खास कॅमेरा कशाला

तुमच्या फोनच्या आणि साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढे एक फिल्टर असतो. माणसांच्या त्वचेचा रंग नीट यावा म्हणून तो गडद लाल प्रकाश बराचसा कापतो. आणि आपला हायड्रोजन नेमका तिथेच चमकतो! खगोल कॅमेऱ्यात हा अडथळा नसतो.

दुसरी गोष्ट, गारवा. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही ठिपके उमटवतो. ढोबळमानानं तापमान ६ अंशांनी उतरलं की हा त्रास निम्मा होतो. आता आपला वऱ्हाडातला मे महिना आठवा. रात्री अकरालाही ३० अंश. खगोल कॅमेऱ्याच्या आत छोटी थंड करणारी यंत्रणा असते, ती सेन्सरला बाहेरच्यापेक्षा ३० अंशांनी खाली नेऊ शकते. ३० वरून शून्यावर म्हणजे पाच वेळा निम्मं, म्हणजे त्रास बत्तिसाव्या भागावर. थंड देशातल्या माणसाला ही चैन वाटेल. आपल्याला ती गरज आहे.

किंमत? सरळ सांगतो. नवा घेतला तर लाखाच्या आसपास जातो. मी दीड वर्ष पैसे साठवून जुना घेतला. त्याचा सेन्सर चौकोनी आहे, ११.३ मिलिमीटर बाजूचा. १३५ च्या लेन्सला लावला की आकाशाचा सुमारे पावणेपाच अंशांचा चौकोन मिळतो, म्हणजे अर्धी मूठ. ५० च्या लेन्सला लावला की जवळपास १३ अंश. बार्नार्डची कमान त्यात जेमतेम बसते.

०९:००: एक मिलिमीटरनं घातलेला घोळ

पहिल्या रात्री काय झालं सांगतो. नायकॉनच्या लेन्सला तिच्या मागच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं. माझ्या कॅमेऱ्याच्या आत १७.५ जातात. उरले २९. तेवढ्याच जाडीची जोडकडी मध्ये पाहिजे. मी मापाकडे लक्ष न देता ३० ची लावली.

छतावर गेलो, फोकस फिरवत राहिलो. समोरच्या गल्लीतली १८ मीटरवरची पाण्याची टाकी एकदम स्पष्ट, आणि तारे मात्र पोह्यांएवढे! रात्री दोन वाजेपर्यंत झटत होतो. सकाळी बाबांनी पट्टी घेऊन मोजलं आणि हिशेब लागला. एक मिलिमीटर जास्त असेल, तर १३५ ची लेन्स १८ मीटरच्या पलीकडे फोकसच करू शकत नाही. म्हणून मोजून घ्या. आणि दोन मिलिमीटर जाड फिल्टर मध्ये आला तर साधारण दोन तृतीयांश मिलिमीटर वाढवा, कारण काच प्रकाशाला थोडं मागे ढकलते.

आणखी दोन गोष्टी. जुनी लेन्स पूर्ण उघडी ठेवली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात, म्हणून मी एफ ४ वर आणतो. प्रकाश निम्मा होतो, पण तारे गोल राहतात. आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. तेजस्वी तारा स्क्रीनवर मोठा करून हातानं फोकस करा, आणि रात्र गार होत गेली की पुन्हा तपासा.

१०:४०: फिरणारी पृथ्वी, साचणारा प्रकाश

पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात १५ विकला सरकतो. माझ्या १३५ च्या जोडणीत एक पिक्सेल म्हणजे पावणेसहा विकला. म्हणजे तारा अर्ध्या सेकंदाच्या आत एक पिक्सेल ओलांडतो! म्हणून ट्रॅकर लागतो. ही छोटी मोटर कॅमेऱ्याला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या वेगानं पृथ्वीच्या उलट फिरवते. बार्नार्ड लहानपणी स्टुडिओत जे हातानं करत होता, तेच काम.

ट्रॅकरचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. बडनेऱ्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर असतो. उत्तरेला तोंड करा, क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा. त्याच्या जरा वर तो सापडेल.

मग एकच लांब फोटो काढायचा का? नाही. दोन-दोन मिनिटांचे खूप फोटो काढायचे आणि सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे. तेजोमेघ प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून तो साचत जातो. खरखर प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणून ती एकमेकींना मारते. नियम असा: चौपट फोटो काढले की चित्र दुप्पट स्वच्छ होतं. लेन्सला झाकण लावून काही फोटो काढा, त्यातून सेन्सरचे दोष वजा होतात. लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून सकाळच्या आकाशाचे काही काढा, त्यातून कोपऱ्यांतला काळपटपणा आणि धुळीचे डाग जातात.

माझ्या बार्नार्डच्या कमानीत दोन-दोन मिनिटांचे १५० फोटो आहेत. पाच तासांचा प्रकाश, तीन रात्री मिळून.

१२:३०: अंधार कुठे आणायचा

आमच्या छतावरून पूर्वेकडे आणि उत्तरेकडे अमरावतीचा उजेड चढलेला असतो. त्या उजेडात दोन रंगांचा फिल्टर बराच उपयोगी पडतो. रोझेट तेजोमेघ मी छतावरूनच काढला. पण ज्या धुळीला स्वतःचा रंग नाही, जी फक्त ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, तिच्यासाठी फिल्टर काही करू शकत नाही. तिथे खरा अंधारच पाहिजे.

म्हणून चिखलदरा. परतवाड्यावरून घाट चढलं की सुमारे ११०० मीटर उंची, कोरडी हवा आणि काळं आकाश. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो: रात्री जंगलात, रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभं राहू नका. तो मेळघाट आहे, वाघ-अस्वलांचं घर आहे. मुक्कामाच्या ठिकाणच्या आवारातच, मालकाला सांगून, बाहेरचे दिवे बंद करून काम करा. डिसेंबरात तिथे लेन्सवर दव बसतं. माझी एक पूर्ण रात्र त्यात गेली. आता लेन्सला गरम पट्टी गुंडाळतो.

आणि विदर्भाकडे एक मोठी गोष्ट आहे. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. तिथे आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंड करून लावले गेले. गावं अंधारात ठेवली नाहीत, फक्त उजेड वळवला. उजेड रस्त्यावर पडला, आकाश मोकळं झालं. हे आपल्याही गल्लीत होऊ शकतं.

बाबा म्हणतात, "आमी लहान होतो तवा उन्हायात आंगनात बाजा टाकून निजो. आकाशगंगा अशी सरळ डोक्यावर दिसे." ते अंगण अजून तिथेच आहे. आकाशगंगा दिसत नाही. साठ वर्षांपूर्वी त्यांना जे फुकट दिसत होतं, त्यासाठी मला शंभर किलोमीटर जावं लागतं.

१४:२०: "हे लाल तूच भरलं का?"

फोटो तयार झाला तेव्हा बाबांना लॅपटॉपवर दाखवला. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे लाल तूच भरलं का बे?"

प्रश्न रास्त होता. ब्लॅक अँड व्हाईट फोटोंमध्ये ब्रशनं गाल गुलाबी करणारा माणूस विचारत होता. आणि तुम्हीही विचारायला पाहिजे, कारण आज फोन स्वतःच फोटोत न दिसलेले तपशील भरतात.

मी त्यांना दोन मिनिटांचा एकच कच्चा फोटो उघडून दाखवला. जवळपास काळा. मग त्याचा फिकट भाग उजळत नेला, आणि लाल कमान खरखरीतून हळूहळू वर आली. मग दहा फोटो रचलेले दाखवले, मग पन्नास, मग दीडशे. रंग तोच, जागा तीच, फक्त स्वच्छ होत गेलेली. मी प्रकाश वाढवला, तो आणला नाही. आपल्या डोळ्यांना एवढ्या मंद उजेडात रंग कळत नाही आणि डोळा पाच तास प्रकाश साठवत नाही. कॅमेरा साठवतो. मी आकार बदलला नाही, काही रंगवलं नाही. ज्या दिवशी रंगवीन, त्या दिवशी फोटोखाली तसं लिहीन.

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "माही लेन्स कोनती यातली?" ही ५० ची आहे म्हटल्यावर जरा हिरमुसले. म्हणून दुसऱ्या रात्री १३५ नं एम ४२ काढला. तो आता बैठकीत लावला आहे, त्यांच्या स्टुडिओच्या जुन्या फ्रेममध्ये.

१५:५०: फोनवाल्यांसाठी

"हे सगळं ठीक, पण आमच्याकडे फोनच आहे." मान्य. फोनच्या लेन्सचं तोंड साधारण ३ मिलिमीटरचं असतं. बाबांची लेन्स पूर्ण उघडली तर ४८ ची. एकाच ताऱ्याचा प्रकाश अडीचशे पट जास्त. हा फरक कोणतंही अॅप भरून काढत नाही. तरी फोननं सुरुवात होते.

डिसेंबर ते मार्च या काळात अंधारी, चंद्र नसलेली रात्र निवडा. फोन ट्रायपॉडवर, नाहीतर विटांच्या आधारानं पक्का ठेवा. प्रो मोड, आयएसओ १६००, १० सेकंद, ३ सेकंदांचा टायमर. मृगाच्या मधले तीन ओळीतले तारे, ज्याला आपण बाण म्हणतो, ते शोधा. त्यांच्या खाली आणखी एक छोटी उभी ओळ आहे. तिच्या मधला 'तारा' जरा धूसर दिसेल. तो तारा नाही, एम ४२ आहे. असे तीस फोटो काढा आणि सिरिलमध्ये रचा. एक गुलाबीसर डाग आला की तुम्ही तुमचा पहिला तेजोमेघ पकडला.

जूनमध्ये आपल्याकडे सगळे म्हणतात, मृग लागला, आता पेरणी. तेव्हा सूर्य त्या भागात असतो, म्हणून मृग दिसत नाही. पण तो असतो, दिवसाढवळ्या डोक्यावर, त्या मुठीएवढ्या कमानीसकट. पाऊस जाऊ द्या, दिवाळी होऊ द्या. मग एखाद्या रात्री छतावर जा, गल्लीकडे पाठ करा, हात लांब करून मूठ आवळा.

तुमचा गुलाबी डाग मला पाठवा, कितीही खरखरीत असला तरी. कच्चा फोटोही सोबत पाठवा, बाबा विचारतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.